माझ्या उजेडात न दिसलेला पिवळा

ते साल होते दोन हजार बारा. मी तेव्हा जेमतेम सात महिन्यांची होते आणि आपल्यात आता काही खोट उरलेली नाही, अशी माझी ठाम समजूत होती. मित्रांनो, मी एक जुनी विजेरी आहे. कोणी मला टॉर्च म्हणते, कोणी नुसतीच बॅटरी. वितीएवढी लांब, काळ्या अंगाची, पोटात तीन सेल आणि काचेमागे एक छोटासा दिवा. घसे, कान, जिन्याखालचे कोपरे पाहण्यात माझे दिवस गेले. पण त्या वर्षी एकदा भर दुपारी मला असा धक्का बसला, की अजूनही तो आठवला की मी आतून सुन्न होते.

माझा जन्म एका लांबलचक बाकावर झाला. बाकाच्या दोन्ही बाजूंना बायका बसत. एक नळी पुढे सरकवी, दुसरी स्प्रिंग बसवी, तिसरी काच. शेवटच्या जागेवर एक चष्मेवाली होती. ती प्रत्येक विजेरी पेटवून समोरच्या कोऱ्या कागदावर उजेड पाडून पाही. माझी पाळी आली तेव्हा तिच्या भुवया वर गेल्या. ही जरा निळसर वाटते, असे ती शेजारणीला म्हणाली. शेजारणीने मानही वर केली नाही.

"अगं, सगळ्याच तशा आहेत. निळसर असलं की लोकांना जास्त पांढरं वाटतं. टाक खोक्यात."

मी खोक्यात पडले. खोक्यावर छापले होते, 'दुधासारखा शुभ्र प्रकाश'. ते वाचून मी जी फुगले, ती फुगलेलीच राहिले.

मला विकत घेतले एका नर्सबाईंनी. घरोघरी जाऊन बाळंतिणींना आणि नव्या बाळांना पाहणे हे त्यांचे काम. एकोणीस वर्षे त्या ते करत होत्या. वेळेच्या इतक्या पक्क्या, की वस्तीत त्यांना घड्याळबाई म्हणत, आणि त्या गल्लीत शिरल्या की लोक आपापली घड्याळे लावून घेत.

मी पडले स्वस्तातली, तेव्हा खोडीही काही कमी नव्हत्या. पहिल्याच दिवशी बाईंनी मला टेबलावर ठेवले आणि मी गोल अंगाची, गडगडत गेले ती थेट पाण्याच्या बादलीत. मला पुसून, वाळवून बाईंनी माझ्या कमरेला जखमेवरची चिकटपट्टी जाड गुंडाळली. माझे बटण शेपटाला, तेही बाहेर डोकावणारे. पिशवीत जरा दाब पडला की मी पेटायची आणि संध्याकाळपर्यंत जेवणाच्या डब्याला उजेड दाखवत बसायची. मग बाई झाकण अर्धा फेरा सैल करून मला ठेवू लागल्या. स्प्रिंग अशी लेचीपेची, की ऐन वेळी माझा डोळा मिटायचा. तिथे चॉकलेटच्या चंदेरी कागदाची घडी बसली. एक खोड मात्र जाता जाईना. बटण एकदा दाबले की लख्ख, पुन्हा दाबले की मंद, आणि तिसऱ्यांदा दाबले की लुकलुक. एका आजोबांचा घसा पाहताना बाईंचे बोट चुकले आणि मी त्यांच्या तोंडातच लुकलुकू लागले. आजोबांनी तोंड मिटून घेतले आणि आत रोषणाई कसली चालू आहे, असे विचारले.

बाई सगळ्यांना सांगत, "स्वस्तातली आहे, पण वळण लावलं तर गुणाची आहे." ते ऐकून मला वाटायचे, झाल्या आपल्या सगळ्या खोडी मोडून. एक खोड उरली होती. पण तिला कोणी खोड म्हणतच नव्हते. सगळे तिचे कौतुक करत होते.

त्या वर्षी पावाच्या भट्टीमागच्या एका खोलीत एक मुलगी जन्माला आली. म्हणजे जन्मली दवाखान्यात, पण दुसऱ्याच दिवशी घरी आली. तिचे वडील भट्टीवर काम करत. पहाटेचे पाव काढून ते घरी येत आणि दिवसा झोपत. त्यांची झोप मोडू नये म्हणून खोलीतल्या एकुलत्या एका खिडकीवर जाड घोंगडी लावलेली असे. दिवसभर खोलीत एक मिणमिणता पिवळा बल्ब. सगळे दबक्या आवाजात बोलत, पावले मोजून टाकत.

तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो, तेव्हा बाळाच्या आईने घाबरतच विचारले की बाळ पिवळे वाटते का. नव्या बाळांना कावीळ होते, हे बाईंना पुरते ठाऊक होते. दोन-चार दिवस अंग पिवळसर दिसते आणि बहुतेकांचे आपोआप ओसरते. पण एखाद्याचे वाढत जाते, आणि वेळेवर कळले नाही तर ते बाळाच्या मेंदूला आणि कानांना कायमचा घाव घालते. म्हणूनच बाईंनी हसण्यावारी नेले नाही. बल्बकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या की याच्याखाली मीसुद्धा पिवळी दिसते, थांब. आणि त्यांनी मला बाहेर काढले.

मी लख्ख पेटले. बाईंनी बाळाच्या नाकावर बोट दाबून सोडले, कपाळ पाहिले, छाती पाहिली. गोरेपान. आईच्या जिवात जीव आला. कोपऱ्यात घोरणाऱ्या नवऱ्याकडे पाहत ती कुजबुजली, "मी आपली उगाच घाबरले." मित्रांनो, त्या क्षणी मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. त्या अभिमानाची मला आजही लाज वाटते.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा गेलो. आई म्हणाली की बाळ फार शहाणे आहे, रडतच नाही, नुसते झोपते. बाईंचा हात थबकला. दूध कधी प्यायले, असे त्यांनी विचारले. सकाळपासून तोंडच लावत नाही, असे उत्तर आले. बाईंनी तळव्यावर टिचकी मारली. बाळ किंचित हलले आणि पुन्हा सैल पडले. बाईंनी घाईने मला पेटवले आणि कपाळापासून तळव्यापर्यंत उजेड फिरवला. बाळ पांढरेशुभ्र. बाई गोंधळल्या. ताप नाही, कावीळ नाही, मग हे काय?

तेवढ्यात बाळाचे आजोबा आले, आईचे वडील. ते रंगारी होते. भिंती रंगवता रंगवता जेवणाच्या सुट्टीत नातीला पाहायला आले होते. नखांत रंग, भुवयांवर चुन्याचे ठिपके. ते दाराशीच हात धुऊन आले, वाकले आणि बाळाला जवळून न्याहाळले. मग खिडकी उघडायला सांगितली. लेकीने ओठांवर बोट ठेवले. बाईंनी समजावले की आजोबा, हा बल्ब फसवतो, हे पाहा, आणि माझा झोत बाळावर धरला.

आजोबांनी बाळाकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले.

"बाई, तुमचा हा दिवा खोटं बोलतो," ते म्हणाले. "तीस वर्षं रंग लावतोय मी. असल्या निळ्या दिव्याखाली मला फिकट पिवळा आणि पांढरा वेगळे ओळखता येत नाहीत. एक अख्खा जिना चुकीचा रंगवलाय मी. तुम्हाला कसे ओळखता येतील?"

मी खोटे बोलते? मी? रागाने माझे सेल तापले असतील. आजोबांनी बाळाला उचलले, खिडकीशी नेले आणि एका हाताने घोंगडी ओढली. खिळ्यांसकट ती खाली आली.

दुपारचा लखलखीत उजेड खोलीत शिरला, आणि मी पाहिले. बाळ पिवळे होते. कपाळ पिवळे, छाती पिवळी, पोटऱ्या पिवळ्या, एवढेसे तळवेही पिवळे. मिटलेली पापणी आजोबांनी अंगठ्याने हलकेच उचलली, तर डोळ्याचा पांढरा भागही पिवळा. मी अजून पेटलेलीच होते, पण त्या उजेडापुढे माझा झोत कुठे दिसतही नव्हता.

बाईंच्या तोंडचे पाणी पळाले. एकोणीस वर्षांत मी त्यांना... नाही, मी त्यांना सहाच महिने ओळखत होते, पण तो चेहरा त्यांनी कधी कोणाला दाखवला नसावा. तिसऱ्या दिवशी याच पिवळ्याला त्यांनी माझ्या भरवशावर पांढरे म्हटले होते. निळसर असले की लोकांना जास्त पांढरे वाटते, असे बाकावरची ती शेजारीण म्हणाली होती. म्हणजे मी दाखवले काहीच नव्हते. माझ्या उजेडाने ते पिवळे गिळून टाकले होते.

तोंडावर ऊन आल्यामुळे बाळाचे वडील दचकून उठले आणि उशीर झाला असे वाटून एका पायात चप्पल घालू लागले. सासऱ्यांनी त्यांना एवढेच सांगितले, "जावईबापू, पावाची गाडी काढा."

पावाच्या रिकाम्या खोक्यांमध्ये बसून आम्ही दवाखान्यात गेलो. बाळ बाईंच्या मांडीवर, आई शेजारी, आजोबा गाडीच्या फळीला धरून उभे. वाटभर बाई बाळाच्या तळव्याला बोट लावून पाहत होत्या, हलते का.

डॉक्टरांनी रक्त तपासले. आणखी अर्धा दिवस गेला असता तर पुढचे मी सांगू शकलो नसतो, असे ते म्हणाले. अजूनही कानांचे आणि मेंदूचे नंतरच कळेल, असेही म्हणाले. मग बाळाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, अंगावरचे कपडे काढले आणि त्याला एका पेटीत ठेवून वरचे दिवे लावले.

मित्रांनो, ते दिवे निळे होते.

बाईंनी कागद शोधायला पिशवी रिकामी केली, म्हणून मी बाहेर टेबलावर होते आणि मला ते दिसले. निळ्या उजेडात ते एवढेसे अंग. डॉक्टर सांगत होते की असा निळा उजेड कातडीतला पिवळेपणा विरघळवतो. मी थिजून गेले. जो निळेपणा माझ्यात चोरून भरला होता, तोच इथे उघडपणे कामाला लावला होता. माझ्या अंगातला दोष हे त्या दिव्यांचे औषध होते. फरक एवढाच होता, की त्या दिव्यांना कोणी पांढरे म्हटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ रडले. असे टाहो फोडून रडले, की बाहेर बाकावर बसलेले आजोबा उभे राहिले आणि पुन्हा बसले. बाळाचे वडील भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत राहिले.

बाई रोज येत होत्या. तिसऱ्या दिवशी त्या आईसमोर उभ्या राहिल्या.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी खिडकी उघडायला हवी होती."

"तुम्ही उघडायला गेला असतात तरी मी उघडू दिली नसती," आई म्हणाली. "यांची झोप मोडली असती."

"आता यापुढे मोडा," आजोबा म्हणाले.

बाईंना गप्प राहता आले असते. पण त्यांनी आपल्या साहेबांना सगळे लिहून दिले. त्यांना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग नर्सच्या एका बैठकीत त्यांनी पडदे ओढायला लावले. टेबलावर दोन हातरुमाल ठेवले, एक पांढरा आणि एक फिकट पिवळा, आणि मला पेटवून विचारले की पिवळा कोणता. चाळीस जणी होत्या. काहींनी डावा म्हटले, काहींनी उजवा. पडदे उघडल्यावर एकेकीने आपली पिशवी उघडून आत पाहिले. त्या चाळीस जणींच्या पिशव्यांत माझ्या चाळीस बहिणी होत्या.

रंगारी आजोबांनी पुढे गुडघ्यांमुळे शिडी सोडली आणि रंगांच्या दुकानात बसू लागले. गिऱ्हाइकांना ते रंगांचा तक्ता देऊन उन्हात पाहायला रस्त्यावर पिटाळत, त्यावरून मालकाशी त्यांचे रोज वाजे. चार वर्षांपूर्वी ते गेले. बाळाचे वडील अजून भट्टीवर आहेत आणि अजून दिवसा झोपतात, पण आता कापड खिडकीवर नसते, त्यांच्या डोळ्यांवर असते. आईला नंतर मुलगा झाला. त्याला ती रोज सकाळी दारात नेऊन पाही. बाकावरच्या चष्मेवालीचे काय झाले, ते मला कळले नाही. बरोबर पाहिले होते ते तिनेच, पण तिचे कोणी ऐकले नाही.

घड्याळबाई निवृत्त झाल्या. मी त्यांच्या कपाटाच्या खणात पडून राहिले. पोटातले सेल कोणी काढले नाहीत. ते पाझरले आणि माझ्या स्प्रिंगवर गंज चढला. मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू वापरायची नसेल तेव्हा तिच्या पोटातले सेल काढून ठेवा, एवढी तरी माया करा. आणि वापराल तेव्हा तिला जमते तेवढेच काम सांगा. हरवलेली किल्ली माझ्याकडून शोधून घ्या, जिन्याची पायरी पाहा. बाळाचा, आजाऱ्याचा रंग मात्र मला विचारू नका.

भट्टीमागची ती मुलगी आता तेरा वर्षांची आहे. कान इतके तिखट, की शेजारच्या घरातले बोलणे ऐकून येते आणि त्याबद्दल आईची बोलणी खाते. गेल्या महिन्यात ती बाईंकडे आली होती. खणात मी सापडले. तिने जुन्या ब्रशने माझी स्प्रिंग घासली, नवे सेल घातले, आणि मी पेटले. तिने माझा झोत आपल्या तळहातावर पाडला आणि हात इकडून तिकडून फिरवून पाहिला.

"आजी, यात मी किती गोरी दिसते," ती म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिचा तो हात धरला आणि तिला दाराबाहेर उन्हात नेले.