मधे कुणी नको

“त्यांना सांग, फ्लॅप खाली घ्या,” पंखाखालून मेहुणा म्हणाला.

“दाजी, फ्लॅप खाली!” विमानाच्या दारात उभ्या असलेल्या इलेक्ट्रिशियनने आत तोंड करून हाक दिली.

कॉकपिटमध्ये बसलेल्या दाजींनी लिव्हर ओढली. दोन्ही पंखांच्या मागच्या कडेचे लांब पत्रे घरघरत खाली उतरले आणि शहाण्यासारखे जागेवर थांबले.

खरं तर मेहुण्याचा शब्द दाजींना थेट ऐकू आला होता. पण वर्षभर हँगरमध्ये हे असंच चाललं होतं. दोघांचे निरोप इकडून तिकडे नेता नेता इलेक्ट्रिशियनचं नाव टपाल पडलं होतं. “पगार वायरी जोडायचा घेतो आणि पत्रं वाटत फिरतो,” असं हँगरचे साहेब म्हणायचे.

दाजींची बायको ही मेहुण्याची थोरली बहीण. आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं. गेल्या वर्षी तिच्या छातीत कळ आली तेव्हा मेहुणा परगावी होता आणि दाजी अशाच एका पंखाखाली. फोन नियमाप्रमाणे बाहेरच्या कपाटात. त्यांनी तो पाहिला तेव्हा फार उशीर झाला होता. हॉस्पिटलच्या बाकावर मेहुणा एवढंच म्हणाला, “ताईला तुमच्या भरवशावर ठेवलं होतं.” तेव्हापासून बोलणं बंद. दाजींनीही कधी बाजू मांडली नाही. त्यांचं स्वतःचं मन रोज तेच म्हणत होतं, मग मांडायची कोणत्या तोंडाने?

आजचं विमान एका कंपनीच्या मालकाचं, छोटंसं जेट. काल उतरताना फ्लॅप अर्ध्यावर अडकले आणि वैमानिकाला भलत्याच वेगाने चाकं टेकवावी लागली. जमिनीवर मात्र सगळं ठीक. डॉक्टरच्या दारात पोहोचल्यावर पोराचा ताप उतरावा, तसं.

“वर हवेचा जोर असतो,” मेहुणा साहेबांना म्हणाला. “तो आपण लावू.” त्याने दोन मदतनिसांना उजव्या फ्लॅपखाली खांदे लावून उभं केलं. पुन्हा लिव्हर. या वेळी फ्लॅप अर्ध्यावर कचकन थांबले आणि दाजींसमोर पिवळा दिवा लागला. चोर घरात होता, पण कोणत्या खोलीत?

पोटातल्या एकाच मोटरमधून दोन लवचिक दांडे दोन पंखांत जातात आणि तिथले स्क्रू फिरवतात. एक बाजू मागे पडली तर विमान कलंडेल, म्हणून यंत्रणा दोन्ही बाजू थांबवते. उजवा दांडा स्क्रूला जिथे भेटतो तिथे नजर पोहोचत नाही, फक्त बोटं पोहोचतात. मोटर चालू असताना तिथे हात घालून बघायचं मेहुण्याने ठरवलं.

“नको,” साहेब म्हणाले. “मोटर थांबायला जरा उशीर झाला तर बोटं जातील. पंख उघडा.”

“उघडला की जोर गेला, साहेब. मग काही सापडायचं नाही.”

साहेबांनी सुस्कारा सोडला. सगळ्यांना सगळं माहीत होतं, म्हणून ते जरा जपूनच म्हणाले, “मग आत मी बसतो.”

“नको. दाजीच बसू देत.”

टपाल सवयीने दाराकडे निघाला, तर मेहुण्याने त्यालाही थांबवलं. “तू बाजूला हो बाबा. मधे कुणी नको. तुझा निरोप पोहोचेपर्यंत माझी बोटं जायची.”

दाजींनी मेहुण्याच्या माइकशी जोडलेले हेडफोन कानांवर चढवले. एक हात लिव्हरवर, दुसरा मोटरच्या स्विचवर. ज्याच्या हातून माणूस निसटतं, त्याच्या भरवशावर कुणी आपली बोटं यंत्रात घालत नाही. एवढं त्यांना कळलं आणि त्यांनी लिव्हर घट्ट धरली.

“दाजी, हात आत आहे. घ्या खाली.”

त्यांनी लिव्हर ओढली.

“फिरतंय... फिरतंय... थांबा!”

शब्द पुरा व्हायच्या आत दाजींनी स्विच पाडला. घरघर तुटली. मग कानात नुसता मेहुण्याचा श्वास ऐकू येत राहिला.

“दांडा फिरतोय, स्क्रू जागचा हलत नाही,” मेहुणा म्हणाला. “टोक झिजलंय. हात काढला मी.”

बाहेर साहेब नव्या दांड्यासाठी ओरडत होते. मेहुणा शिडी चढून आत आला आणि शेजारच्या खुर्चीत बसला. दाजींचं बोट अजून स्विचवरच होतं.

“बोटं?” त्यांनी कसंबसं विचारलं.

मेहुण्याने ग्रीसने माखलेला पंजा पसरून दाखवला. दाजींनी तो दोन्ही हातांत धरला आणि त्यांना रडू फुटलं.

“तिचा फोन येत होता रे. मला कळलंच नाही.”

“माहीत आहे मला,” मेहुणा म्हणाला.

खालून टपालने विचारलं, फ्लॅप वर घ्यायचे का? मेहुण्याने हात सोडवून घेतला नाही.