ओवाळणीतलं लिनक्स

भाऊबीजेला मी ऋषिराजदादाला ओवाळलं, तेव्हा तबकात त्याने काहीच टाकलं नाही. म्हणाला, "तुझ्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून देतो. हीच ओवाळणी समज." दादा माझा चुलतभाऊ, कराडच्या कॉलेजात माझ्याच वर्गात आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमधला माझा जोडीदार. मी हुरळले.

विंडोज पुसून त्याने लिनक्स टाकलं, मग एकेक टूल. शेवटी गिट. कोडमध्ये कुणी काय बदललं याची नोंद ठेवणारं हे टूल. त्याला सुरुवातीला एकदा नाव सांगायचं, पुढे प्रत्येक नोंदीखाली ते तेच लावतं. नेमकी तेव्हा मी चहा ठेवायला उठले होते. भाऊबीजेला आलेल्या भावाला चहा नको का?

चार महिने मी राबले. दादा क्रिकेट खेळला. मार्चमध्ये पुण्याची कंपनी कॉलेजात आली. आमच्या जोडीतून एकालाच घेणार होते. माझ्या लग्नाची बोलणी घरात त्या एका नोकरीपायी थांबली होती. कंपनीच्या साहेबांनी नोंदी उघडल्या. एकशे चाळीस नोंदी, माझ्या लॅपटॉपवर माझ्या हाताने केलेल्या. प्रत्येकीखाली नाव ऋषिराज.

"मग रेश्मा, तुम्ही काय केलंत?"

मी दादाकडे पाहिलं. दादा पंख्याकडे पाहत होता. म्हणाला, "टायपिंगला मदत करायची ती."

मी चहाला उठले तेव्हा त्याने सवयीने स्वतःचं नाव टाकलं असेल, तेवढं मी माफ करीन. पण ते वाक्य? केसाने गळा कापला मेल्याने! मागाहून मी कितीही ओरडले तरी सगळे नोंदींकडेच बोट दाखवत होते.

जूनमध्ये दादा त्याच पुण्याच्या कंपनीने दिलेला नवा लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आला. त्यात लिनक्स नव्हतं, मॅक होतं. "रेश्मे, टूलं बसवून दे की. मला हे काय उमजंना झालंय." लाज म्हणून नाही! मी उठून जाणार होते, पण रविवारी मला बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी चिवडा करता करता आई म्हणाली, "भावाचंच काम हाय, दे की करून."

बसवली सगळी. शेवटी गिट.

"नाव कुणाचं टाकू, दादा?"

त्याने चहाची बशी तोंडाला लावली. आईच आतून बोलली, "आगं, ज्याचं काम त्याचं नाव. त्यात इचारायचं काय?"