समजलं त्यांनी हात वर करा

आमच्या आमदारबाई गावाला फार सांगतात, हीच माझी तक्रार. आधीचे आमदार निवडून आले की तोंडच दाखवत नसत. माणूस चिडायचा, पण निवांत असायचा. या बाई मात्र दर महिन्याला शाळेच्या मोठ्या वर्गात येतात, विधानसभेत कोणतं विधेयक आलंय ते तासभर समजावतात आणि शेवटी म्हणतात, "समजलं त्यांनी हात वर करा." सगळे हात वर होतात. तेवढ्यात बाईंचा सहायक मला कोपराने ढोसतो आणि मी फोटो काढतो. गावात स्टुडिओ माझा एकट्याचा, म्हणून हे काम माझ्या गळ्यात. गाव मला 'फोटो'च म्हणतं.

हात वर होतात ते समजलं म्हणून नव्हे. पहिल्याच सभेत दोघांनी हात खाली ठेवले, तर बाईंनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तेव्हापासून गाव शहाणं झालं. लोकांना घरी जाऊन धारा काढायच्या असतात. सगळ्यात आधी हात वर करते माझी आत्या. तिला साखरेचा आजार आहे. उजव्या पायाचा अंगठा गेलाय, जखम अजून भरत नाही. पोरांच्या त्या बुटक्या बाकावर तिला फार वेळ बसवत नाही.

"एवढं फुकट कोण सांगतं गं?" मी तिला म्हणायचो. "आणि फोटो वर केलेल्या हातांचाच कशाला?"

"तुला सगळीकडे काळंबेरंच दिसतं," आत्या म्हणायची. "गोड बोलते बाई. तुझ्यासारखी खेकसत नाही."

तरी मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकायचीच.

गेल्या महिन्यात विषय होता 'आरोग्यसेवेचं एकत्रीकरण'. शब्द भारदस्त. हात वर झाले, फोटो झाला. पुढच्या आठवड्यात मी अल्बमची कव्हरं आणायला शहरातल्या छापखान्यात गेलो. टेबलावर पत्रकांचा गठ्ठा होता आणि त्यावर मीच काढलेला फोटो. पहिल्या रांगेत आत्या, हात सरळ छताकडे. खाली छापलं होतं : 'लहान आरोग्य केंद्रे बंद करून एकच मोठे रुग्णालय करण्यास ग्रामस्थांचा एकमुखी पाठिंबा.'

माझं डोकंच सणकलं. एक पत्रक खिशात घातलं आणि तडक आमच्या आरोग्य केंद्रात आलो. नर्सबाई आत्याच्या पायाची पट्टी बदलत होत्या. एक दिवसाआड त्याच बदलतात. त्यांच्यामुळेच पाय वाचलाय, असं डॉक्टरही म्हणतात.

"कपाटं रिकामी करून ठेवा, असा निरोप आलाय," त्या म्हणाल्या. मोठं रुग्णालय दीड तासावर, आणि बस दिवसातून एकदा.

मी पत्रक आत्याच्या हातात दिलं. तिने ते लांब धरून पाहिलं, मग जवळ धरून पाहिलं.

"मला नुसतं घरी जायचं होतं रे," ती म्हणाली आणि रडायला लागली. मला आमदारबाईंचा भयंकर संताप आला. त्या संध्याकाळी आत्या माझ्या स्कूटरवर मागे बसून घरोघर ते पत्रक दाखवत फिरली.

या महिन्यात बाई पुन्हा आल्या. पुढच्या आठवड्यात विधेयकावर मतदान होतं. सभागृहात दाखवायला मोठा फोटो हवा, असं सहायकाने मला आधीच बजावलं होतं. बाईंचं समजावून झाल्यावर आत्याने विचारलं, "ताई, मग माझी पट्टी कोण बदलणार?"

बाई गोड हसल्या. "मावशी, हे मागच्या वेळी सविस्तर सांगितलं होतं. सगळ्यात आधी हात तुम्हीच वर केला होतात."

म्हणजे बाईंना चेहरे पाठ होते. इतके दिवस नुसता संशय होता, आता खात्री झाली.

"तर मग, समजलं त्यांनी हात वर करा."

आत्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. तिच्या शेजारणीनेही दाबले. मग अख्ख्या रांगेने, मग मागच्या रांगांनी.

"कुणालाच समजलं नाही? पुन्हा सांगू?"

"सांगा," आत्या म्हणाली. "आज आम्हाला घाई नाही."

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. बाहेर अंधारून आलं, गोठ्यांतून गाई हंबरायला लागल्या, तरी कुणी उठलं नाही. शेवटी बाईंनी स्वतःचाच हात उंच करून दाखवला. "असा. करा बरं."

वर्गात तेवढा एकच हात वर होता. मी बटण दाबलं.

सहायक लगबगीने जवळ आला. "हा नको. मागच्यातलाच एखादा मोठा करून दे. माणसं तीच आहेत."

"तीच आहेत ना, म्हणून हाच मिळेल," मी म्हटलं. "मागचे सगळे पुसून टाकलेत. आणि याची एक प्रत पेपरवाल्याकडे चाललीय."

बाई पर्स उचलून निघाल्या होत्या. आत्या अजून बाकावरच होती. तिचा पाय सुजला होता.

"ताई, अजून एकदा सांगा ना," ती म्हणाली. "बसते मी."