वर्लिनचं पाचवं रिव्हॉल्व्हर

माझ्या भावाकडे नऊ रिव्हॉल्व्हरं आहेत आणि नऊच्या नऊ एकसारखी. दोन इंची नळी, पाच गोळ्या, काळसर पोलाद, लाकडी मूठ. टेबलावर ओळीनं मांडली तर ज्या कारखान्यात जन्मली तिथल्या माणसालाही ओळखू येणार नाहीत. पण वर्लिन प्रत्येक हातात घेऊन सांगणार, "ओलिटा, हे बघ, हे जरा वेगळं आहे. याचा चाप मऊ आहे." मऊ म्हणे! अरे, बुटाचा तळ सुटलाय तो टेपनं चिकटवून फिरतोस, आणि चापाचा मऊपणा कसला बघतोस?

बरं, नुसती जमवून गप्प बसेल तर वर्लिन कसला. तो ती अंगावर घालतो. एक उजव्या कमरेला, एक कोटाच्या खिशात, एक पाठीमागे पट्ट्यात, एक घोट्याला. का, तर एकातल्या गोळ्या संपल्या की भरत बसायला वेळ नसतो, सरळ दुसरं काढायचं. आणि सगळी एकाच जातीची का? "ऐन वेळी हाताला विचार करायला लागू नये."

"हाताचं सोड," मी म्हटलं, "डोक्याचं काय करतोस?"

त्यावर तो हसला नाही. या विषयावर तो कधीच हसत नाही.

आता आमच्या डोंगरात बंदुकीचं कुणाला नवल नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक आहे, कोंबड्या पळवणाऱ्या रकूनसाठी. आमचे पाळक ब्रदर हॉइट प्रवचनालासुद्धा कमरेला एक लावून उभे राहतात. पण एक! चार-चार लादून हा कुणाची वाट बघतो, देव जाणे. आमच्या खोऱ्यात चोरी करायला यायचं तर चोराचं पेट्रोलसुद्धा सुटणार नाही. वर्लिनवर जन्मात एकदाच हल्ला झाला, तो शेजारच्या हंसानं केला. तेव्हा चारही रिव्हॉल्व्हरं जागच्या जागी ठेवून आमचा शूरवीर कुंपणावरून उडी मारून पळाला.

गेल्या थँक्सगिव्हिंगला मात्र हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. त्याची मुलगी केंड्रा स्प्रिंगफील्डहून आली होती, बरोबर तिची टेसी, आठ वर्षांची. टेसीनं टीव्हीचा रिमोट शोधायला सोफ्याच्या फटीत हात घातला आणि भरलेलं रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं. "पॅपॉ, हे तुझं का?" म्हणाली. आजोबाला ती पॅपॉ म्हणते. आणि हे महाशय काय म्हणाले? "अरेच्चा! हे तर मी सकाळी कपाटात ठेवलं होतं." ठेवलं कुठलं! सगळी एकसारखी, त्यात एकच दोनदा मोजलं आणि सोफ्यातलं राहून गेलं. केंड्रानं पोरीच्या हातातून ते अलगद काढून घेतलं, कोट चढवला आणि टर्की तशीच टेबलावर सोडून निघून गेली. त्यानंतर तिनं त्या घराचा उंबरा ओलांडला नाही.

वसंतात टेसीनं हट्ट धरला की बाप्तिस्मा घ्यायचा तो आमच्याच चर्चमध्ये, आमच्याच नदीत. आमच्याकडे पाण्यात पोराच्या एका बाजूला पाळक असतो आणि दुसऱ्या बाजूला घरातला वडीलधारा पुरुष. म्हणजे वर्लिनच. केंड्रानं फोन केला तेव्हा मी त्याच्याच स्वयंपाकघरात होते.

"डॅडी, रिकाम्या अंगानं यायचं. एकही नको. तसा आलास तर टेसी सगळा उन्हाळा तुझ्याकडे राहील. नाही तर यापुढे फोनवरच बोला तुम्ही दोघं."

वर्लिन रडला. फोन ठेवून भांडी धुवायच्या बेसिनपाशी उभा राहून रडला. त्याची बायको इमोजीन गेल्यापासून त्या घरात त्याच्याशी बोलायला रेडिओशिवाय कुणी नाही. दुसऱ्याच दिवशी त्यानं मागची खोली पिवळी रंगवायला घेतली. पलंग आणला, छोटीशी मासेमारीची काठी आणली, ती मला तीनदा दाखवली. मला वाटलं, चला, माणूस शुद्धीवर आला.

बाप्तिस्म्याच्या रविवारी नदीकाठी सगळी मंडळी जमली. झाडाखाली टेबलांवर तळलेली कोंबडी आणि बटाट्याचं सॅलड मांडलेलं. केंड्रानं मला बाजूला घेतलं. "ओलिटा आत्या, तू बघून घे. मी विचारलं तर भांडण होईल."

मी वर्लिनला त्याच्या ट्रकमागे गाठलं. "काढ."

"काय काढ?"

"सोंग करू नकोस. काढ म्हणते ना!"

कमरेचं काढलं. खिशातलं काढलं. पाठीमागचं काढलं. घोट्याचं काढताना हाश्शहुश्श करत वाकला, जसं काही मी पायच मागितला. चारही ट्रकच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"झालं?"

"झालं."

"नक्की?"

"आता काय विजार उतरवू?" तो म्हणाला.

मी बहीण आहे त्याची, तुरुंगातला पहारेकरी नव्हे. मी केंड्राकडे बघून मान हलवली. तो बाप्तिस्म्याचा पांढरा झगा चढवून पाण्यात उतरला. टेसीचा हात त्यानं इतक्या जपून धरला होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता त्या पाण्याचा मलाच राग येतो.

ब्रदर हॉइटनी प्रार्थना म्हटली. दोघांनी मिळून पोरीला मागं झुकवलं, पाण्याखाली नेलं, वर काढलं. काठावरच्यांनी "आमेन" म्हटलं. नदी गार, पोरगी कुडकुडत हसत होती. तिनं दोन्ही हातांनी पॅपॉच्या पोटाला घट्ट मिठी मारली.

आणि सोडली. चटका बसल्यासारखी मागं सरकली. वर मान करून त्याच्याकडे बघितलं आणि एकटीच पाणी तुडवत काठाकडे आली. तिच्यामागून वर्लिन बाहेर निघाला. ओला झगा अंगाला चिकटला होता, आणि पोटाशी, पट्ट्याच्या जरा वर, लाकडी मुठीचा आकार असा उठून दिसत होता की शेवटच्या खुर्चीवरच्या म्हातारीलाही चष्मा लागला नसता.

"अरे नालायका!" मी ओरडले. चर्चची मंडळी, रविवार, काही बघितलं नाही.

"चार काढली ना!" तो म्हणाला. "एकच तर होतं. पाण्यात माणूस अगदी उघडा पडतो, ओलिटा."

एकच तर होतं! थट्टा नव्हती ती. चार उतरवल्यावर एक म्हणजे त्याच्या हिशोबी काहीच नाही. त्याला खरोखर वाटत होतं की त्यानं शब्द पाळलाय. अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून?

केंड्रा ओरडली नाही. टेसीला तिनं गाडीपाशी नेलं, स्वतःचा स्वेटर तिच्या अंगावर घातला आणि दार उघडं ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "डॅडी, इकडे ये. आत्ता ये."

अजून वेळ होता. पोरीची नजर त्याच्यावर होती. जाऊन गुडघ्यावर बसला असता, नुसतं "चुकलो" म्हणाला असता, तरी केंड्रा विरघळली असती. मी ओळखते तिला.

"आलोच," वर्लिन म्हणाला. "आत पाणी गेलंय."

तो ट्रकच्या मागच्या फळीवर बसला. ओल्या गोळ्या काढून फळीवर ओतल्या आणि हाताला लागला तो टॉवेल ओढून पुसायला लागला. तो टॉवेल टेसीचा होता. तिचं नाव मी त्यावर निळ्या दोऱ्यानं भरलं होतं. आमचे पुरुषही धन्य! दोघंतिघं त्याच्याभोवती जमले. एक म्हणाला, "काळं पोलाद लगेच गंजतं हं." दुसरा तेलाची बाटली आणायला पळाला. वर्लिननं नळी उजेडात धरली, एक डोळा मिटून आत बघितलं.

केंड्रानं दार लावलं. गाडी मागं घेतली, वळवली, पुलावरून पलीकडे गेली. वर्लिननं टॉवेलचं टोक पिळून नळीत घातलं, फिरवलं, बाहेर काढलं, पुन्हा बघितलं. समाधान झाल्यावर त्यानं मान वर केली.

"टेसी कुठाय?" त्यानं विचारलं.