झेंडूखालची प्लगकॅप

विनायक देशकर बुलेटवाला आणि बंडू वायगावकर येझदीवाला. पुरानी बस्तीत एवढी ओळख पुरे होती. दोघे एकाच वर्षी रेल्वेत चिकटले, एकाच वर्षी रिटायर झाले, पण एकमेकांच्या गाडीवर मागे बसायची वेळ आली तर पायी जायचे.

दसऱ्याला देवळासमोर गाड्यांची पूजा आणि मग तीन किकांची पैज. तीन किकांत ज्याची गाडी सुरू होणार नाही, त्याने टाकीवर वर्षभर दुसऱ्याच्या गाडीचं स्टिकर मिरवायचं. वैर गाड्यांचं, माणसांचं नाही, म्हणून रीत अशी की बुलेटला हार येझदीवाल्याने घालायचा आणि येझदीला बुलेटवाल्याने. पूजा झाली की किक मारेपर्यंत इंजिनाला कुणी हात लावायचा नाही.

विनायक पाच वेळा हरला होता. पाचही वर्षं पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, पोट्टी त्याला ‘येझदीवाले भैया’ म्हणून हाक मारत, आणि ते त्याला फार झोंबलं होतं. बंडू मात्र एकदाही हरला नव्हता. त्याला हरून चालणारच नव्हतं. त्याच्या टाकीवर पांढऱ्या ऑइलपेंटने वाकडंतिकडं ‘स्वानंद’ लिहिलेलं होतं. लेकाने आठवीत असताना स्वतःचं नाव स्वतः लिहिलेलं. बारावीत तो तापाने गेला. रंगाला पोपडे धरले होते, म्हणून बंडू तेवढ्या जागी फडकं लावत नसे, नुसती फुंकर मारी. विनायकला हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक नसतं, तर निदान त्याला माफ तरी करता आलं असतं.

यंदा त्याने गोल बाजारातून मुद्दाम गच्च झेंडूचा हार आणला. येझदीला तो घालता घालता प्लगवरची कॅप अलगद उपसली आणि वर फुलं सारली. वायरच निघाल्यावर ठिणगी पडते कशाला! एरवी बंडू किक मारण्याआधी अंगठ्याने कॅप दाबून बघे. आज रीत आडवी होती.

बुलेट पहिल्याच किकेला धडधडली. बंडूने किक मारली. काही नाही. दुसरी मारली तेव्हा श्रावणात ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने त्याचा चेहरा वाकडा झाला. तिसऱ्या किकेनंतर तो गाडीला धरून खालीच बसला. पोट्टी टाळ्या पिटत होती. विनायकने खिशातून बुलेटचं स्टिकर काढलं आणि नेमकं नावावर चिकटवून तळव्याने दोनदा दाबलं. त्याच्या जिवाला गार वाटलं, खोटं कशाला बोला.

बंडू उठला. “जाऊ दे. तुही गाडी तरी सुरू झाली,” तो म्हणाला. “हार घालताना पाह्यलं, तुही प्लगकॅप निसटून लटकून राह्यली होती. मीच दाबून देल्ली. हरायचं त किकवर हराव माणसानं, अशा गोष्टीनं काहून हराव?”

बंडू आता हार उतरवत होता. सवयीने त्याचा अंगठा प्लगकडे गेला आणि तिथेच थांबला. मग त्याने कॅप जागेवर दाबली, दुखऱ्या पायाने किक मारली आणि येझदी एका दमात सुरू झाली. टाळ्या थांबल्या. येझदीला हार कुणी घातला, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

“बंडू, थांब, मी काढतो,” म्हणत विनायक पुढे धावला. त्याने स्टिकरच्या कडेखाली नख घातलं.

“ओढू नको! विनू, ओढू नको!”

तोवर ते निघालं होतं. स्टिकरच्या पाठीला पांढरी अक्षरं उलटी चिकटून आली होती, सगळी, एकही मागे राहिलं नव्हतं. विनायक ते हातात धरून उभा राहिला. ते टाकायचं की द्यायचं, त्याला कळेना.

बंडूने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो टाकीवर वाकला आणि त्या कोऱ्या जागेवर त्याने हळूच फुंकर मारली.