माझे तोंड भिंतीतच राहिले

मी एक जुनी तेलाची टाकी आहे, मित्रांनो, आणि मी रागावले आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी गोड बोलावे अशी तुमची अपेक्षा असेल, तर ती दुसऱ्या कुणाकडून पुरी करून घ्या.

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावर ख्रिस्टी मॅकास्किलच्या तळघरात मी एकतीस वर्षे उभी होते. पोलादी पत्रा, काळा रंग, चार पाय. माझ्यातले तेल भट्टीत जळे आणि वरच्या खोल्या उबदार राहत. माझ्या दोन नळ्या भिंतीतून अंगणात निघत. एकीतून तेल आत येई, दुसरीतून हवा बाहेर जाई, आणि हवा जाताना माझी शिट्टी वाजे. पोट भरले की शिट्टी थांबे. अंगणातल्या माणसाला मी दिसत नसे, त्यामुळे शिट्टी हीच माझी वाचा होती.

तेलाची गाडी हेक्टर आणी. शिट्टी ऐकू आल्याशिवाय त्याने कधी तेल भरले नाही. "बोल बाई," म्हणायचा. मी थांबले की स्वयंपाकघरात ख्रिस्टीची किटली वाजू लागे.

"एक गप्प झाली की दुसरी सुरू," हेक्टर हसायचा. "या घरात बाप्याला बोलायला वावच नाही."

"तुझं तोंड बिस्किटं खायला आहे. ये आत," ख्रिस्टी म्हणायची.

किटली सदा चुलीवर, म्हणून सारे तिला किटली-ख्रिस्टी म्हणत. याच रस्त्यावर पुलाजवळ दुसरी ख्रिस्टी मॅकास्किल राहते. तिच्या बापाकडे टपालाचे काम होते, म्हणून ती टपाल-ख्रिस्टी.

मग घर तापवायला विजेचे यंत्र आले. ख्रिस्टीचा भाचा रॉडी याने मला कापून सुटे केले आणि परसात लाकडांच्या ढिगाशेजारी आणून टाकले. नळ्यांची तोंडे मात्र भिंतीत तशीच ठेवली. वर्ष उलटले तरी ती तिथेच होती.

"आत्या, नळी काय खायला मागतेय का? भोक बुजवायला उन्हाळ्यात येतो."

"गेल्या उन्हाळ्यातही हेच बोललास. ज्या तोंडामागे पोट नाही, ते काय कामाचं? काढ ती."

"येतो म्हटलं ना."

आला तो फक्त बिस्किटे खायला.

फेब्रुवारीत तेलाची गाडी आली. हेक्टर निवृत्त झाला होता, हा माणूस शहरातला. तेल मागवले होते टपाल-ख्रिस्टीने, पण त्याच्या कागदावर ख्रिस्टी मॅकास्किल एवढेच लिहिले होते. आमच्या टपालपेटीवरही तेच नाव. ख्रिस्टी चर्चच्या सभागृहात गेली होती. त्याने माझ्या तोंडाचे झाकण काढले, गाडीची नळी जोडली, तेल सोडले. शिट्टी वाजेना. त्याने कचेरीत फोन लावला.

"शिट्टी नाही वाजत हो."

तिकडून काय सांगितले ते मला ऐकू आले नाही. त्याचे उत्तर ऐकू आले. "हो, जुनी टाकी असेल. बिघडली असेल. भरतो."

बिघडली म्हणे! एकतीस वर्षांत माझी शिट्टी एकदाही बिघडली नाही. मी त्याच्यापासून वीस पावलांवर, बर्फात अर्धी गाडलेली, आणि माझ्या तोंडातून सहाशे लिटर तेल ख्रिस्टीच्या तळघरात जमिनीवर पडत होते. ओरडायला माझ्या पोटात कोणी तेल भरत नव्हते.

नंतर माणसे आली. त्यांनी तळघराची जमीन फोडली, माती उपसली, विहीर बंद केली, आणि शेवटी सांगितले की या घरात राहता येणार नाही. हेक्टर धावत आला. "कुठली ख्रिस्टी, एवढंच विचारायचं होतं रे," एवढे म्हणून तो पायरीवर बसला.

"आत्या, मला काय ठाऊक असं होईल..." रॉडी म्हणाला.

"ठाऊक होतं. मी दोनदा सांगितलं होतं."

आवाज तिने चढवला नाही. किटलीतून तेलाचा वास जाईना, म्हणून ती माझ्या पाठीवर ठेवून ख्रिस्टी लेकीकडे राहायला गेली.

मित्रांनो, टाकी काढाल त्याच दिवशी तिच्या नळ्याही काढा. भोक त्याच दिवशी बुजवा. आणि जिथे शिट्टी वाजायला हवी तिथे ती वाजली नाही, तर हात आवरा.

उन्हाळ्यात रॉडी आला. नळ्या काढल्या, भोक नीट सिमेंटने बुजवले. काम छान केले आहे. घरात आता कोणी राहत नाही.