वटवट्याच्या जाळीपाशी

श्रावणातले ढग सह्याद्रीच्या माथ्यावर आकाशातून उतरत नाहीत. ते दरीतून वर चढतात. शुभ्र, शीतल, निःशब्द. आधी कडा जातो, मग कारवीचं हिरवंगार रान जातं, मग अंगणही जातं, आणि उरतं ते पानापानांवरून ठिबकणारं पाणी.

अशाच एका जलभारल्या तिसऱ्या प्रहरी चांदी म्हैस एकटीच परतली. रेडकाच्या ओढीनं थेट गोठ्यात शिरली. तिच्यामागून येणारा धनी आला नाही.

दारात उभी त्याची बायको सगुणा अंगणाच्या कडेपर्यंत आली. धन्याची नजर मंदावत चालली होती. त्यानं ते सांगितलं नव्हतं, तिनं विचारलं नव्हतं. चांदीचं शेपूट धरून तो रोज घर गाठायचा. आज शेपूट सुटलं होतं, आणि रानापलीकडे कडा होता.

नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं, असं धनगरवाड्यावर मानतात. म्हणून धुक्यात बायका म्हशीला हाक मारतात. म्हैस येते, मागून धनी येतो. सगुणानंही सवयीनं हाक मारली, "चांदीऽऽ", आणि तोंडावर हात दाबून थिजली. चांदी अजून रानात आहे असं समजून तो तिला शोधायला पुढेच जाईल. पुढे म्हणजे कड्याकडे.

ती धावतच कारवीत घुसली. धवल, धूसर, दिशाहीन सारं. आणि मग ऐकू आला वटवट्या.

राखी पाठीचा, चिमूटभर जिवाचा पक्षी. कड्याच्या अगदी अलीकडच्या जाळीत, कोळिष्टकांनी पानं शिवून त्यानं घरटं केलेलं, दोघांच्याही ओळखीचं. एरवी तो आपला किडे टिपत हिंडतो, पण घरट्याशी माणूस आला की रान डोक्यावर घेतो. आत्ता घेतलं होतं. टिक्‌ टिक्‌ टिक्‌ टिक्‌.

ती त्या आवाजाकडे निघाली. तर आवाज निवत गेला. टिक्‌. टिक्‌. मग काहीच नाही. म्हणजे माणूस जाळी ओलांडून गेला.

तेव्हा तिनं जन्मात कधी न घेतलेलं नाव घेतलं.

"धाकूऽऽ! थांबा तितंच! चांदी घरला आलीया!"

ती चाचपत दोन पावलं पुढे सरली. मग हाताच्या अंतरावरून, जमिनीलगतून, शांत आवाज आला.

"हळू गं. पिल्लं हाईत हितं."

तो जाळीशी मांडी घालून बसला होता. पक्षी ओरडताच त्याला कडा कळला होता, आणि तो जागीच बसला होता. इतका निश्चल, की पक्ष्याचंही भय सरलं होतं.

"नाव घेतलंस," तो म्हणाला.

"घेतलं," ती म्हणाली, आणि रडली.

तिनं पदर पुढे केला. त्यानं तो चाचपून धरला, पण उठले नाहीत दोघं. कारण चोचीत हिरवी अळी धरून वटवट्या परतला होता. आणि शिवल्या पानांतून इवल्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या, उघडत होत्या, आणि ढग त्यांच्यावरून हळू, फार हळू, पलीकडे जात होते.